उदयसिंगांचा दुसरा निकाल

किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचे उदयसिंग आज चौसष्ट वर्षांचे आहेत. तरुणपणी ते शंकरपटात धुरकरी होते, म्हणजे छकड्याची बैलजोडी हाकायचे, आणि या शर्यतींत त्यांच्या नावाचा दबदबा होता. हातात तुतारी असायची, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. तेव्हा ती सगळ्यांच्याच हातात असायची. पुढे शर्यतींवर बंदी आली. काही वर्षांनी ती उठली तेव्हा नियम बदलले होते. चाबूक नको, काठी नको, खिळा तर नकोच. उदयसिंग पुन्हा छकड्यावर चढले नाहीत, पण पट भरवणाऱ्या मंडळींनी त्यांना पंच केलं. कोण काय कुठं लपवतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

पंच म्हणून ते कडक होते. बैलाची शेपटी पिरगाळली तरी जोडी बाद करायचे. सख्ख्या साडूलाही त्यांनी मैदानाबाहेर काढलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या पटात मेडशीच्या देवमनची जोडी पहिली आली. देवमन चाळिशीचा, कमी बोलणारा. घरच्याच गाईचे दोन गोऱ्हे वाढवून त्यानं ही जोडी तयार केली होती. बैल थांबले तेव्हा डाव्या बैलाच्या मांडीवरून रक्त ओघळत होतं. या बैलाचं नाव बादल. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम पुसली. आत टोकदार वस्तूनं पडलेलं भोक होतं.

"हे कायचं रगत हाय, देवमन?" उदयसिंगांनी विचारलं.

"मले नाई मालूम, काका. पण मी नाई मारलं. माहे हात पाहून घ्या."

हात रिकामे होते. खिसे, मुंडासं, सगळं झाडून पाहिलं. काही सापडलं नाही. "फेकला असंल वाटेत," कुणीतरी म्हणालं. उदयसिंगांनाही तेच वाटलं. अशी जखम त्यांनी स्वतःच्या हातानं कितीदा केली होती. त्यांनी तिथंच कागद मागवून निकाल लिहिला: धुरकऱ्याने खिळा वापरल्याचे जखमेवरून दिसते. जोडी बाद. धुरकऱ्यास दोन हंगाम मज्जाव.

भोंग्यावर निकाल वाचला गेला. देवमन बादलच्या मानेवर हात ठेवून उभा होता. मग तो बैल घेऊन निघून गेला.

मेडशीत लोक त्याला 'खिळेवाला' म्हणू लागले. शाळेत त्याच्या पोरीला, रेणूलाही, तेच ऐकावं लागलं. सहा महिन्यांत त्यानं जोडी बाजारात विकली, छकडा भागवत नावाच्या धुरकऱ्याला देऊन टाकला आणि कारंजाच्या धान्य बाजारात पोती उचलायला लागला.

पुढच्या हिवाळ्यात भागवत तोच छकडा घेऊन पटात उतरला. बैल त्याचे स्वतःचे. उदयसिंग धावपट्टीच्या कडेला उभे होते आणि त्यांची नजर पूर्ण वेळ भागवतच्या हातांवर होती. दोन्ही हातांत नुसते कासरे. तरी जोडी थांबली तेव्हा डाव्या बैलाच्या मांडीवर रक्त होतं. त्याच जागी.

उदयसिंग छकड्याजवळ गेले. धुरीला, म्हणजे दोन बैलांमधल्या लांब दांड्याला, डाव्या बैलाच्या मांडीपाशी आवळलेल्या लोखंडी पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं. गुळगुळीत होती.

"वर चढ," ते भागवतला म्हणाले. "हाकतं वेळी वाकतं तसा वाक."

भागवत वाकला. त्याच्या वजनानं पट्टी किंचित उचलली गेली आणि तिच्याखालचा मोडका खिळा बाहेर आला. खिळ्यावरचं ओलं रक्त उदयसिंगांच्या बोटाला लागलं.

मग त्यांनी शर्यती थांबवायला लावल्या. भोंगा स्वतः हातात घेतला आणि देवमन निर्दोष असल्याचं सांगितलं. दुसरा कागद लिहिला: पंचाने छकडा न तपासता निकाल दिला. पंचास दोन हंगाम मज्जाव. मंडळी म्हणाली, "कायले एवढं? चूक होते माणसाची." उदयसिंगांनी सही केली आणि कागद खिशात घातला.

घरी ललिताबाईंनी, त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. "त्या माणसाले सांगतलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं उदयसिंग कारंजाला गेले. देवमन पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. कागद त्यानं दोनदा वाचला.

"बादल कुठं हाय, मालूम हाय का तुमाले?"

"नाई."

"मलेबी नाई. मी म्हणलो होतो, माहे हात पहा. तुमी पायले, तरी इस्वास नाई ठेवला." थोडं थांबून तो म्हणाला, "हे मेडशीत येऊन वाचा. माह्या पोरीसमोर."

त्या रविवारी मेडशीच्या बसथांब्याजवळ चाळीसेक माणसं जमली. उदयसिंगांनी दोन्ही निकाल वाचले, आधी देवमनवरचा, मग स्वतःवरचा. रेणू बापाचा हात धरून पहिल्या ओळीत उभी होती. देवमननं त्यांना चहा विचारला नाही, पण एसटी येईपर्यंत तो थांब्यावर थांबला.

बादलचा पत्ता उदयसिंगांनी पुढे चार बाजारांत फिरून शोधला. लागला नाही. देवमन पेरणीच्या सुमारास गावी परतला. पटाकडे मात्र तो पुन्हा फिरकला नाही. उदयसिंगांच्या मज्जावाचा दुसरा हंगाम यंदा संपला. मंडळी बोलवायला आली होती. ते म्हणाले, "पंचाले नजर पायजे. माही नजर आता माह्याच भरवशाची नाई राह्यली." आणि तुरीच्या शेतात निघून गेले.