शिक्का नसलेला देश

आमच्या फ्रिजच्या दारावर अकरा देश आहेत आणि त्यांपैकी एकही मी पाहिलेला नाही. ते सगळे समोरच्या सदनिकेतील गृहस्थांनी आणून दिलेले आहेत. परदेशातून परतल्यावर दुसऱ्याच सकाळी ते आमची बेल वाजवतात आणि "वहिनी, हे तुमच्यासाठी," असे म्हणून एक चुंबक माझ्या पत्नीच्या हातावर ठेवतात. मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता आभार मानतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे वेळापत्रक गेली तीन वर्षे एका स्वित्झर्लंडच्या गाईखाली लटकत आहे.

मी मत्सरी मनुष्य आहे, हे आरंभीच लिहून ठेवतो. कल्याणच्या न्यायालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. उलटतपासणीत सापडल्यावर दिलेल्या कबुलीला किती किंमत असते, ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून ही आपण होऊन दिलेली.

समोरचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. मुलगी एका देशात, मुलगा दुसऱ्या देशात, आणि स्वतः पतिपत्नी वर्षातून दोनदा तिसऱ्याच देशात. स्वभावाने मनमिळाऊ, आवाजाने मोठे, आणि बोलण्यात एक अशी सैल मजा की ऐकणाऱ्याने खुर्ची पुढे ओढावी. ते मला 'वकीलसाहेब' म्हणतात. मी वकील नव्हतो, हे त्यांना ठाऊक आहे. मी त्यांना दोनदा लेखी कळवले आहे.

माझी पत्नी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवत होती. फळ्यावर हातानेच जगाचा नकाशा काढणारी शिक्षिका म्हणून तिची ख्याती होती. तिने स्वतः पाहिलेला परदेश मात्र एकच, नेपाळ. तोही शाळेतल्या शिक्षिकांच्या सहलीबरोबर, आगगाडीने गोरखपूर आणि पुढे बसने. त्या आठवड्यात मी तिच्यासोबत गेलो नाही, कारण आमच्या सोसायटीच्या दाव्याची तारीख होती. इमारत आमची, पण खालची जमीन अद्याप बिल्डरच्या नावावर, असा तो दावा आहे आणि सोसायटीचा प्राधिकृत प्रतिनिधी म्हणून मी आजवर एकही तारीख चुकवलेली नाही. निवृत्त झालो तेव्हा मी उत्साहाने पासपोर्ट काढला होता. पण प्रत्येक बेत कोणत्या ना कोणत्या तारखेवर जाऊन आदळला आणि दहा वर्षांनी त्या पासपोर्टाची मुदत तो कोरा असतानाच संपली.

आता नकाशाविषयी. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक सभासद उभा राहतो, पाहिलेल्या देशांवर लाल टाचण्या लावतो, पाहायच्या राहिलेल्या देशांवर हिरव्या, आणि त्याविषयी बोलतो. माझ्या पत्नीने पहिल्या वर्षी नेपाळवर लाल टाचणी लावली आणि पोखऱ्याच्या टेकडीवरून पहाटे पाहिलेल्या शिखराविषयी ती दहा मिनिटे बोलली. मग तिने एकच हिरवी टाचणी घेतली आणि चवड्यांवर उभी राहून नॉर्वेच्या किनाऱ्यावर लावली. "कड्यांमधून आत शिरलेला समुद्र, फियॉर्ड, तीस वर्षं काढून दाखवला फळ्यावर," ती म्हणाली, "एकदा तो खरा कसा दिसतो ते बघायचं आहे." मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. ही गोष्ट मला तेव्हाच, बाकीच्यांबरोबर कळली.

समोरच्या गृहस्थांच्या लाल टाचण्या होत्या चोवीस.

त्यांच्या शनिवारी खोलीत जागा पुरत नसे. माझी पत्नी पहिल्या रांगेत बसे. ते काहीतरी ठोकून देत आणि ती त्यांना थांबवी.

"फियॉर्ड म्हणजे काय हो, आपली ठाण्याची खाडीच. फक्त थंड."

"काहीही काय, भावजी! खाडी आणि फियॉर्ड यांत फरक आहे."

"मग सांगा ना. आम्ही बँकेतली माणसं, आम्हाला काय कळतं?"

आणि ती उठून, पदर खोचून, सांगू लागे. तिचा चेहरा असा उजळलेला मी आमच्या घरात फार वर्षांत पाहिलेला नव्हता. अशाच एका शनिवारी मी घरी येऊन टेबलाशी बसलो आणि लिहायला घेतले.

पत्र लिहिणे हा माझा जुना उपाय आहे. पदपथ, भोंगे, पथदिवे यांविषयीच्या माझ्या पत्रांच्या स्थळप्रती दोन कपाटे व्यापून आहेत. हे पत्र मंडळाच्या सचिवांना उद्देशून होते. त्या एका रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाई.

"महोदया," मी लिहिले, "मंडळाच्या नकाशावर 'पाहिलेला देश' ही संज्ञा कोणत्याही व्याख्येविना वापरली जात असल्याचे खेदपूर्वक निदर्शनास आणतो. विमान बदलण्यासाठी थांबणे, बसच्या खिडकीतून सीमा ओलांडणे अथवा केवळ भोजनासाठी उतरणे, यांस देश पाहणे म्हणता येणार नाही. सबब, ज्या देशाच्या प्रवेशाचा शिक्का सभासदाच्या पासपोर्टावर आहे, तोच देश पाहिलेला मानण्यात यावा व अन्य लाल टाचण्या काढून टाकण्यात याव्यात. या नियमास कोणताही अपवाद असू नये."

शेवटचे वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हते. दुसऱ्या मसुद्यात मी ते घातले आणि मला फार समाधान वाटले. एकाच माणसावर नेम धरून केलेला नियम आणखी कोणाकोणाला लागतो, हे मी न्यायालयात शेकडो प्रकरणांत पाहिलेले होते. तरीही पत्र लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता.

समितीने ठराव मंजूर केला. माझ्याशी पत्रव्यवहार वाढवण्यापेक्षा मंजुरी देणे सोपे पडते, असे सचिवबाई कोणाला तरी म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

पुढच्या शनिवारी सगळे पासपोर्ट घेऊन आले. समोरच्या गृहस्थांनी रबराने बांधलेले तीन पासपोर्ट टेबलावर ठेवले. सचिवबाई पाने उलटू लागल्या.

"फ्रान्सचा आहे. जर्मनी? ऑस्ट्रिया? नेदरलँड्स?"

"अहो, तिकडे एकदा आत शिरलं की कोण विचारतं? बसने फिरलो सगळं."

"मग ते जाणार. व्हॅटिकन?"

"तिथे शिक्का मारायला पोपना बोलावायचं का?"

खोली हसली. मागून एका आजोबांनी घाबऱ्याघुबऱ्या विचारले, "माझं दुबई राहिलं ना?"

"राहिलं, काका, तुम्ही बसा खाली."

एकेक टाचणी निघत गेली. युरोप जवळजवळ रिकामा झाला. चोवीसांचे अकरा झाले. "वकीलसाहेब," गृहस्थ हसत म्हणाले, "तुम्ही माझी अर्धी जगभ्रमंती एका पानात संपवलीत. टूर कंपनीकडे पैसे परत मागू का आता?" त्यांना राग आला नव्हता. त्यांना राग न येणे हे मला त्यांच्या चोवीस देशांपेक्षाही असह्य झाले.

तेवढ्यात माझी पत्नी उठली आणि नकाशाकडे गेली.

"वहिनी, तुम्ही कुठे?"

"नेपाळ काढायला."

"अहो, नेपाळला आपल्याला शिक्का मारतच नाहीत. तुम्ही तर मतदार कार्डावर गेला होतात. ते कसं धरायचं?"

"अपवाद नाही, असं लिहिलंय."

सचिवबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "काका, काय करायचं? दुरुस्ती सुचवता का?"

खोलीतली सगळी माणसे माझ्याकडे वळली. 'सुचवतो', हा एक शब्द पुरेसा होता. पण त्या दोनतीन क्षणांत माझ्या डोक्याने जे काम केले, ते मी लपवणार नाही. नेपाळला सवलत दिली तर त्याच युक्तिवादाने ऑस्ट्रिया परत येतो, व्हॅटिकन परत येते, चोवीसच्या चोवीस परत येतात.

"नियम सर्वांना सारखा," मी म्हणालो.

तिने टाचणी काढली, तिचे टोक बोटाने चाचपून पाहिले आणि ती टेबलावरच्या डबीत टाकली.

घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावले पुढे चालत होती. फडके रस्त्यावर नेहमी ती भाजीसाठी थांबते, त्या दिवशी थांबली नाही. घरात आल्यावर मी म्हणालो, "अगं, ते मंडळाच्या शिस्तीसाठी होतं."

"शिस्त कुणाला लावायची होती, ते कळतं मला. तीस वर्षं वर्गावर होते मी."

"त्या माणसाला एक गोष्ट धड माहीत नसते. फियॉर्डला खाडी म्हणतो तो."

"चुकीचंच सांगतात. मग मी बरोबर ते सांगते, आणि ते ऐकून घेतात. तुम्हाला त्यांच्या देशांचा राग नाही येत हो. मी तिथे बोलते, त्याचा येतो." मग पाण्याचा पेला ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "तुम्ही मला भूगोलातलं कधी काही विचारलंत? एक तरी?"

मी आठवू लागलो. तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"जूनमध्ये ते दोघं नॉर्वेला चाललेत. मीही चाललेय. माझ्या पेन्शनमधून. पासपोर्ट झालाय माझा."

"कधी केलास?"

"तुम्ही तारखेला गेला होतात तेव्हा. ठाण्याला जाऊन आले."

"जूनमध्ये आपली तारीख आहे."

"तुमची आहे," ती म्हणाली. "येणार असाल तर आत्ता सांगा. अजून वेळ आहे."

इथे मी ती चूक केली, जी माझ्यासारखाच मनुष्य करू शकतो. 'येतो' म्हणण्याऐवजी मी पत्र लिहायला बसलो. माझ्या अनुपस्थितीत सुनावणीस बाध येईल काय, पर्यायी प्रतिनिधीस रीतसर अधिकारपत्र द्यावे लागेल काय, असे सात प्रश्न मी सोसायटीच्या वकिलांना विचारले. मसुदा पक्का व्हायला आठवडा गेला, उत्तर यायला तीन आठवडे. वकील तरुण आहेत. त्यांनी व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या: "काका, तुम्ही नसलात तरी काही अडत नाही. पहिल्या वर्षापासून सांगतोय तुम्हाला."

पहिल्या वर्षापासून. मी जुने संदेश काढून पाहिले. त्यांनी खरोखरच सांगितले होते, आणि तेही अनेकदा. मी त्याला त्यांचा उद्धटपणा समजलो होतो. न्यायालयाच्या व्हरांड्यातील त्या बाकावर मी नसतो, तर दावा होता तिथेच राहिला असता. आणि मी कुठे असतो, याचा विचार मी त्या दिवशी प्रथम केला.

मी पासपोर्टसाठी अर्ज केला, ठाण्याला जाऊन आलो. तोवर त्यांच्या गटाबरोबर व्हिसाचा अर्ज करण्याची मुदत उलटून गेली होती. मंडळालाही मी पत्र पाठवले आणि शिक्क्याची अट विनाशर्त मागे घेतली. असे दोन ओळींचे पत्र मी आयुष्यात दुसरे लिहिलेले नाही. पुढच्या शनिवारी गृहस्थांनी आपल्या तेरा टाचण्या गाणे गुणगुणत परत लावल्या. मी समोर बसून त्या मोजल्या. पत्नीने नेपाळची टाचणी लावली नाही. "आल्यावर बघू," एवढेच ती सचिवबाईंना म्हणाली.

जूनमध्ये ती गेली. विमानतळावर सामानाची गाडी गृहस्थ ढकलत होते, त्यांची पत्नी आणि माझी पत्नी मागून हसत चालल्या होत्या, आणि मी काचेच्या बाहेर उभा होतो, कारण तिकिटाविना आत सोडत नाहीत. तो नियम योग्यच आहे.

तारखेला मी कल्याणला गेलो. गेलो नसतो तरी चालले असते, हे आता ठाऊक असूनही गेलो. दुसरे काय करावे ते कळेना. पुढची तारीख पडली. दुपारी घरी येऊन पंख्याखाली बसलो, तोच व्हिडिओ कॉल आला आणि फोनवर चित्र उमटले. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, मध्ये शिशासारखे पाणी, आणि बोटीच्या कठड्याशी स्वेटर घातलेली माझी पत्नी, हात हवेत फिरवत काही सांगत असलेली. तिच्याभोवती पाचसहा अनोळखी प्रवासी होते. चित्र हलत होते; फोन दुसऱ्याच कोणीतरी धरला होता.

"वकीलसाहेब, दिसतंय का?" गृहस्थांचा आवाज आला. "वहिनींनी अख्ख्या बोटीचा तास घेतलाय!"

त्या बोटीवरच्या प्रत्येक माणसाचा मला हेवा वाटला. तिचे नावही माहीत नसलेल्या परक्यांचा, आणि फोन धरलेल्या त्या हाताचा तर सर्वांत अधिक.

"फोन तिच्याकडे द्या," मी म्हणालो. आवाज ठरवले होते त्याहून करडा निघाला. पण त्यांनी दिला.

तिचा चेहरा जवळ आला. वाऱ्याने केस विस्कटलेले, नाक लाल. "काय झालं तारखेचं?"

"पुढची पडली. ते राहू दे." मला शब्द जुळवावे लागले, जणू मसुदाच करत होतो. "हे पाणी किती खोल आहे?"

तिने फोन कानाशी नेला आणि चित्र काळे झाले. संपर्क तुटला असे मला वाटले.

"खरंच विचारताय?"

"हो."

"तोंडाशी उथळ असतं आणि आत खोल," ती सावकाश म्हणाली. "उलटं असायला हवं ना? मग असं का, ते सांगते. पण मध्ये बोलायचं नाही. आधी मला सांगा, हिमनदी म्हणजे काय?"

"माहीत नाही," मी म्हणालो, "तू सांग."