अर्धा तंबू

हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानात आठवडाभर चालायचं म्हणून सॅक भरली. लेकीनं उचलून पाहिली.

"आई, एवढी हलकी कशी गं?"

तिनं सगळं बाहेर काढलं. तंबूच्या दांड्या होत्या, खुंट्या होत्या, कापड मात्र नव्हतं.

ते नेहमी ह्यांच्या सॅकमध्ये असायचं. ओझं वाटून घ्यायची आमची पद्धतच तशी. स्टोव्ह त्यांच्याकडे, काडेपेटी माझ्याकडे. माणसं इतकी वर्षं एकत्र राहतात आणि एकट्याकडे पुरं असं काहीच उरत नाही.

हे गेले त्याला वर्ष होत आलं. त्यांची सॅक अजून दारामागे टांगलेली आहे. लेकीनं त्यातलं कापड काढून माझ्या सॅकमध्ये कोंबलं.

"आता बघ उचलून," ती म्हणाली.

मला उचलवेना.