चपलांच्या रांगेतला वॉकर

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी आई चाकूरच्या घरात पडली. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना तिचा तोल गेला. उजव्या मनगटाला मार लागला, हाड मोडलं नाही. वॉकर त्या वेळी ओसरीत, चपलांच्या रांगेत उभा होता.

आदल्या वर्षी अशीच पडल्यावर तिच्या खुब्याचं ऑपरेशन लातूरला झालं होतं. डॉक्टरांनी वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. वडील गेल्यापासून आई चाकूरला एकटी राहते. थोरली बहीण, अक्का, लातूरला; मी नांदेडला एका पेपरात. ऑपरेशननंतर ठरलं होतं की आई पुन्हा पडली तर तिनं नांदेडला यायचं. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे आणि ती बहुतेक बंद असते. चाकूरला आई गल्लीच्या टोकाच्या महादेवाला आपली आपण जाते. नांदेडला ती एकदा वर चढली की खाली उतरणार नाही, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही.

शेजारच्या काकूंनी फोन केला. मी अहमदपूरमार्गे जाणारी एसटी धरून दुपारी पोचलो. वॉकरच्या आडव्या दांडीवर टॉवेल वाळत होता. आई खाटेवर बसली होती, मनगटाला पट्टी.

"वॉकर बाहेर का आहे?" मी विचारलं.

"मग कुठं ठेवू? देव्हाऱ्यात?"

"तू तो घरात वापरत नाहीस?"

"तू चपला घालून घरात येतूस का?"

"ती चप्पल नाही, आई."

"खाली रबर हाय. रस्त्यानं चालतं. नालीच्या कडंनं येतं. मग काय हाय ते?"

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून असंच हाय. महादेवाला वॉकर घेऊन जातेत, दारात सोडतेत, आन् घरात भिताडं धरून फिरतेत."

म्हणजे वर्षभर रस्त्यावर आधार होता आणि घरात नव्हता. रस्त्यावर ती एकदाही पडली नव्हती.

मी फडकं ओलं करून वॉकरचे पाय पुसले आणि तो आत आणला. आईनं तोंड फिरवलं. रोज असं पुसून घे, म्हणालो. तिनं विचारलं, "वाकून?" वाकता येत नाही म्हणून तर वॉकर दिला होता. काकूंना सांगू का, असं विचारलं. "त्यांना काय मी कामाला ठेवलंय?"

अक्काचा फोन आला. तिचं म्हणणं सरळ होतं. घरातल्यासाठी दुसरा वॉकर घ्यायचा, यात अडचण काय? मी नांदेडच्या सर्जिकलच्या दुकानातून दुसरा घेतला. दुकानदारानं पेशंटची उंची विचारली, वजन विचारलं. घरात उंबरठा किती उंच आहे, न्हाणीचं दार किती रुंद आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. न्हाणीच्या दारातून नवा वॉकर सरळ जात नव्हता. आई तो आडवा करून, खेकड्यासारखी तिरकी आत जायची.

खरी अडचण उंबरठ्यावर आली. बाहेरचा वॉकर बाहेर सोडायचा आणि आतला आत धरायचा. मध्ये उंबरठा. तो ओलांडताना तिच्या हातात काहीच नसायचं. घरात पाय अडखळण्याची सगळ्यात मोठी जागा हीच होती, आणि दोन वॉकर घेऊन आम्ही तिथंच तिचे दोन्ही हात मोकळे केले होते. नवा वॉकर आईनं स्वतःच खाटेमागं सारला. "घरात कमरेएवढी लोखंडं किती ठेवायची," म्हणाली. तो अ‍ॅल्युमिनियमचा होता. मी ते सांगितलं नाही.

मग रबरी टोप्या आणल्या. बाहेर जाताना वॉकरच्या पायांत चढवायच्या, आत येताना काढायच्या. घट्ट टोप्या वाकल्याशिवाय निघेनात. सैल आणल्या तर त्यातली एक गल्लीत नालीजवळ निघून पडली.

"त्याची चप्पल हरवली," आईनं फोनवर सांगितलं. "आता एका पायानं अनवाणी हाय."

याच दिवसांत नांदेडच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी केलेल्या उपकरणांचं प्रदर्शन होतं. बातमीसाठी मला पाठवण्यात आलं. तिथं वृद्धांसाठीचा वॉकर होता. त्याला टॉर्च होता, घंटी होती, आणि माणूस पडला तर मुलाच्या मोबाइलवर निरोप जायची सोय होती. न पडण्यासाठी काय केलंय, हे मी विचारलं नाही. एवढंच विचारलं की, "हा घरात नेताना याचे पाय कसे साफ करायचे?"

"पुसायचे, सर."

"कुणी?"

विद्यार्थ्यानं शेजारी उभ्या प्राध्यापकांकडं पाहिलं. "घरातलं कुणीतरी."

"घरात दुसरं कुणी नसेल तर?"

प्राध्यापक म्हणाले, "तो मुद्दा प्रोजेक्टमध्ये धरलेला नाही." बातमी फोटोसह लागली. तिच्यात टॉर्च होता, घंटी होती.

अक्कानं मुदत ठरवली. संक्रांतीपर्यंत वॉकर घरात आला नाही, तर संक्रांत झाली की आई नांदेडला. तिनं आईला फोनवरच स्पष्ट विचारलं, "नांदेडला जायचंय का वॉकर आत घ्यायचाय?"

"दोन्ही न्हाई," आई म्हणाली.

दरवर्षी पौषात वडिलांचं स्मरण असतं. अक्का लातूरहून आली, मी नांदेडहून. पूजेला जंगम स्वामी, आम्हा लिंगायतांचे गुरू, येतात, वर्षानुवर्षं तेच. आता तेही थकलेत. गुडघे गेलेत, हातात काठी असते. काठीच्या टोकाला रबर असतं, वॉकरच्या पायांना असतं तसंच.

आमच्याकडे स्वामी दारात आले की घरच्या बाईनं त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, मग त्यांनी आत यायचं. आई ओसरीत एका हातानं वॉकर धरून उभी राहिली. दुसऱ्या हातात तांब्या. स्वामींनी परातीत पाय ठेवले. तिनं पाणी घातलं. स्वामींनी पाय काढले आणि काठी परातीत उभी केली.

"हिच्यावर बी घाला, माय."

"काठीवर?"

"टोंगळे गेले तवापासून माझा पाय हाच हाय. हिला बाहेर ठेवली तर मी रांगत येऊ का आत?"

आईनं काठीवर पाणी घातलं. अक्कानं पाय पुसले, काठी पुसली. स्वामींनी आधी काठी उंबरठ्याच्या आत टेकवली, मग पाय उचलले. पूजा झाली, जेवणं झाली. काठी सगळा वेळ त्यांच्या शेजारी, पाटाला टेकून होती.

स्वामी गेल्यावर मी विषय काढला.

"ते स्वामी हाईत," आई म्हणाली.

"काठी तर बाजारातलीच आहे ना?"

"पेपरात वाद घालायलाच शिकवतेत का रे?"

"आई, नुसतं हो म्हण," अक्का म्हणाली.

"चप्पल धुतली तरी ती बाहेरच राहती. कुणी धुतलेली चप्पल घेऊन आत येतं का? सांग."

अक्कानं कपाट उघडलं, आईची लुगडी काढली आणि पिशवीत भरली. पिशवी खुंटीला टांगली. निघताना ती आईला म्हणाली, "स्वेटर वरच ठेवलाय. नांदेडला तुला थंडी वाजंल." आई ओसरीपर्यंत भिंत धरून आम्हाला पोचवायला आली. वॉकर तिच्या हाताजवळ होता.

संक्रांतीच्या आधी काकूंचा फोन आला. "तुमच्या आई वॉकरला आंघोळ घालून राहिल्यात."

मी गेलो. ओसरीच्या कट्ट्यावर, उभ्यानं हात पोचेल अशा उंचीवर पाण्याची बादली होती, तिच्यात तांब्या. आई महादेवाहून आली. चपला काढल्या. वॉकर दारासमोर उभा केला, एका हातानं धरला, आणि तांब्यानं वरून पाणी सोडलं. आधी स्वतःच्या पायांवर, मग वॉकरच्या चारी पायांवर. वाकावं लागलं नाही. वॉकर उचलून उंबरठ्याच्या आत टेकवला, मग पाय आत घेतले.

मी म्हणालो, ओलं रबर फरशीवर घसरेल. ती म्हणाली, न्हाई घसरत. मी वॉकर ढकलून दाखवला. तो घसरला. मी आत सोयाबीनचं रिकामं पोतं अंथरलं.

"धूळ धुवायची आन् धुळीत पाय द्यायचा," आई म्हणाली. पोतं तिनं वॉकरच्या पायानंच बाहेर सारलं.

शेवटी जुन्या गोधडीचा तुकडा टाकला. त्याचे कोपरे फरशीला चिकटवायला मी दुकानातून चिकटपट्टी आणली. पट्टी निळी का आणली, यावर काकूंचं आणि आईचं बोलणं झालं.

"मग आता तो पाय झाला का?" मी विचारलं.

"मला काय ठावं. स्वामींना विचार," आई म्हणाली. "चहा घेणार हाईस का तसाच जाणार?"

दुसरा वॉकर अजून खाटेमागं आहे. न्हाणीच्या दारातून जुनाही सरळ जात नाही. त्या दाराची चौकट काढायला लागेल, असं गवंड्यानं सांगितलंय. आईनं त्याला अजून होकार दिलेला नाही.

संक्रांत झाली. अक्कानं भरलेली पिशवी मी गेल्या वेळी पाहिली तेव्हा तिच्यात लुगड्यांऐवजी कांदे होते. हे लिहीपर्यंत आई पुन्हा पडलेली नाही. ती चाकूरलाच आहे.