धावजीकाकाचा बारावा मणका

उर्वशी पायाळू आहे, हे यवतमाळच्या त्या मोठ्या दवाखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. सांगायची सोयही नव्हती. सीटी स्कॅनच्या खोलीत बसणारी, संगणकावर मोडक्या मणक्यांची मॉडेलं तयार करून शिकाऊ सर्जनांना शिकवणारी बाई जन्माला येताना आधी पाय बाहेर काढून आली आणि लहानपणी तिनं अर्ध्या गावाच्या पाठीवर पाय ठेवून उसण उतरवली, हे कळलं असतं तर कँटीनमध्ये महिनाभर दुसरा विषय निघाला नसता.

घाटंजीजवळच्या तिच्या गावात मात्र पायाळू म्हणून तिला भलताच भाव होता. कोणाच्या पाठीत चमक भरली, कंबर धरली की माणूस तिच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि पाच वेळा पाय लावून घ्यायचा. बदल्यात कधी ओंजळभर बोरं, कधी गुळाचा खडा. वडील श्रावण विहारात पोरांना विज्ञानाची पुस्तकं वाचून दाखवणारे. त्यांना हा प्रकार मुळीच खपत नसे. पण ते बाहेर गेले की आई नलू हळूच म्हणायची, "जाय वं माय, लाव जरासा पाय. आपलं काय जाते?"

ती नऊ वर्षांची असताना शेजारचा धावजी चिंच झोडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. सव्वीस वर्षांचा उभा गडी, पण त्याला उठता येईना. श्रावण त्या दिवशी नेमके परगावी. लोकांनी धावजीला पालथं केलं आणि उर्वशीला हाक मारली. पाच वेळा पाय लावून झाला तरी काही फरक पडेना, तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "नुसता लावू नको, उभीच राह्य पाठीवर." ती उभी राहिली. तोल जाऊ नये म्हणून दोन बायांनी तिचे हात धरले होते. मग धावजीला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यानंतर तो कधीच चालला नाही.

गावानं तिला बोल लावला नाही. चिंचेनं धावजीचे पाय नेले, असंच सगळे म्हणाले. पण उर्वशीनं पुन्हा कोणाच्या पाठीवर पाय ठेवला नाही. धावजी पुढे घाटंजीला राहायला गेला; तिथल्या बाजारात तो तीनचाकी सायकलवर बसून खाटा विणून द्यायचा, त्या गल्लीनं ती कधी गेली नाही. पंचवीस वर्षं एकच प्रश्न तिला कुरतडत राहिला: काकाचे पाय झाडानं नेले, की मी?

एवढं सोडलं तर बाई कोणाला दबणारी नव्हती. विभागप्रमुख डॉक्टर धरमसिंग राठोड यांनी खटपट करून टेबलाएवढा टच स्क्रीन आणला खरा, पण त्यात जीव ओतला तो उर्वशीनं. खऱ्या रुग्णांचे स्कॅन घ्यायचे, नावं पुसायची आणि त्यांतून असा मणका उभा करायचा की बोटानं फिरवता यावा, एकेक हाड बाजूला काढून आतला पिवळा मज्जारज्जू बघता यावा. हाडावर किती भार टाकायचा ते निवडायचं. भार जास्त झाला की मोडका तुकडा आत सरके आणि पिवळा रज्जू लाल होई.

शिकाऊ डॉक्टरांना स्क्रीन दिसला की हात शिवशिवत. मोडलेला मणका पाहिला की लगेच स्क्रू कुठून घालायचा, रॉड केवढा लावायचा. उर्वशीच्या कपाळावर आठी चढे. "स्क्रू कुठं पळून नाही चालले," ती म्हणायची. "माणूस इथपर्यंत आला कसा, ते आधी विचारा."

म्हणून तिनं प्रत्येक मॉडेलच्या आधी प्रश्नांचं एक पान घातलं होतं. पडला कशावरून? झाड, विहिरीचा काठ, की मोटारसायकलपुढे रानडुक्कर आलं? उचललं कोणी? आणलं कशात? खाटेवर, मालवाहू ऑटोत, की दोघांच्या मधे बसवून मोटारसायकलवर? उत्तर निवडलं की मॉडेलमधला मणका तसा तसा वाकायचा, आणि पुष्कळदा दवाखान्याच्या दाराशी पोचायच्या आधीच रज्जू लाल झालेला असायचा. "घ्या, आता लावा तुमचे स्क्रू," असं म्हणून ती हाताची घडी घालून उभी राहायची. शेवटचा प्रश्न होता, पाठ कोणी चोळली, ओढली किंवा पाठीला पाय लावला का? त्यावर पुण्यामुंबईची पोरं हमखास हसत. उमरखेडची डॉक्टर माहनूर तेवढी हसली नव्हती. तिच्या मोहल्ल्यातही एक पायाळू होता.

मग एक दिवस स्कॅनच्या यादीत नाव आलं, धावजी, वय एकावन्न. कंबरेच्या मागे बसून बसून झालेली जखम चिघळली होती आणि ती हाडापर्यंत गेली का, ते बघायचं होतं. त्याला स्ट्रेचरवरून आत आणलं. त्यानं मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"श्रावणची पोट्टी ना वं तू?"

"हो काका," ती म्हणाली आणि काचेमागे जाऊन बसली.

जखमेखालचं हाड शाबूत निघालं. पण पाठीचा बारावा मणका पाचरीसारखा चेपून तसाच जुळला होता. धावजीनं शिकवण्यासाठी स्कॅन वापरायला हरकत नाही म्हणून कागदावर अंगठा दिला आणि उर्वशीनं मॉडेल तयार केलं. जुळलेलं हाड मागे मागे नेत तिनं ते पडल्या क्षणाच्या अंदाजापर्यंत आणलं. फांदी जरा उंच धरली, तर नुसत्या पडण्यानंच रज्जू लाल. फांदी खाली घेऊन बैलगाडीचे हादरे दिले, तरी लाल. मग हादरे काढून तिनं भार निवडला, बावीस किलो. नऊ वर्षांची असताना तिचं वजन तेवढंच होतं. तेव्हाही लाल झाला.

ती उठली आणि तडक राठोड सरांच्या खोलीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सगळं कोणाला तरी सांगितलं. सर पुसदकडच्या तांड्यातले; पायाळू म्हणजे काय, ते त्यांना समजावायची गरज नव्हती.

"मॉडेल काय होऊ शकते ते दाखवते," ते म्हणाले. "काय झालं, ते नाही सांगत. ते एकाच माणसाले माहीत आहे आणि तो वॉर्डात सतरा नंबरवर आहे."

"मंगळवारच्या तासाले त्यांनाच विचारू? त्यांची तयारी असली तर?"

"आणि उत्तर वाईट आलं तर?"

"तर मॉडेल दुरुस्त करीन," उर्वशी म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि बरं म्हणाले.

मंगळवारी दुपारी दोन वाजता धावजीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. स्क्रीनवर स्वतःचा मणका पाहून तो खुदकन हसला. "हे माहं हाय? एवढंसं?" खाटा विणून राठ झालेल्या बोटानं त्यानं मणका गरकन फिरवला. सहा शिकाऊ डॉक्टरही हसले आणि वातावरण मोकळं झालं. माहनूरनं प्रश्नांचं पान उघडलं. किती उंचावरून पडलात? दोन पुरुष उंचीवरून. पडल्याबरोबर पायांचं काय झालं?

"जड झालते जी. मुंग्या आल्या. पण उजव्या पायाचा अंगठा हालत होता. मी घडीघडी हालवून पाहत होतो."

"किती वेळ हालत होता?"

धावजीनं नजर उर्वशीकडे वळवली. माहनूरनं पुढच्या प्रश्नाकडे बोट नेलं, तोच उर्वशी पुढे आली.

"हा मी विचारते," ती म्हणाली आणि मुलांकडे वळली. "यांच्या पाठीला पाय लावला होता. लावणारी मी. मी पायाळू आहे. नऊ वर्षांची होते, बावीस किलोची, आणि मी यांच्या पाठीवर उभी राहिले." ती धावजीसमोर बसली. "काका, मी पाठीवर चढाच्या आधी अंगठा हालत होता ना? मी उतरल्यावर?"

धावजीनं स्क्रीनवरच्या मणक्यावरून बोट काढून घेतलं.

"नाही हालला," तो म्हणाला.

"गाडीत घालाच्या आधी?"

"आधीच. तू उतरली, मी हालवून पाह्यला. नाही हालला, पोरी."

हे उत्तर आलं तर आपण जागेवर कोसळू, असं उर्वशीला पंचवीस वर्षं वाटत आलं होतं. ती कोसळली नाही. फार वाईट वाटलं, रडूही आलं, पण डोळे पुसून ती उठली आणि स्क्रीनपाशी गेली. फांदीची उंची दोन पुरुष. भार बावीस किलो. आधी अंगठा चालू, नंतर बंद. तिनं ते सगळ्यांदेखत मॉडेलमध्ये भरलं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "अंगठा हालत होता म्हणजे रज्जू जिवंत होता. या माणसाला नुसतं फळीवर सरळ ठेवून आणलं असतं, तर तुमच्या स्क्रूंचा उपयोग होता. उद्या कॅज्युअल्टीत असा माणूस आला, तर पाय लावला का, हे हसू न येता विचारायचं. आणि लावणाऱ्यावर ओरडायचं नाही. ओरडलात तर पुढचा माणूस सांगणार नाही."

सहाही जण लिहीत होते. माहनूरनं मॉडेल पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

उर्वशी खुर्चीपाशी परत आली. "काका, इतकी वर्षं कोणाले सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? गावानं तुले नावं ठेवली असती. तू शिकून राह्यली होती, शाळेतून घरी बसली असती." धावजी खांद्यावरचा दुपट्टा नीट करत म्हणाला, "आन् मले इचारलं कोणं? डाक्टरायनं नाही, गावानं नाही. तू आज इचारलं."

ती खाली वाकली आणि तिनं त्याच्या दोन्ही पावलांवर हात ठेवले. धावजी लगबगीनं पुढे झुकला.

"तिथं कायले हात लावतं वं? तिथलं मले काही समजत नाही," तो म्हणाला. "हात इकडं दे." आणि त्यानं आपला हात पुढे केला.