काशीमायनं अडवलेली बारव

मागच्या महिन्यात ताडकळसच्या बाजारात मिरच्या निवडत होतो, तेव्हा पेडगावकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "गुर्जी, तुमाला कळलं का? काशीमाय गेली." सत्तरीच्या आसपासची बाई, कधीतरी जाणारच होती... तरी त्या दिवशी बाजार अर्धवट टाकून मी घरी आलो.

पोलीस ॲक्शननंतर थोड्याच दिवसांत पेडगावच्या पुढच्या एका लहानशा गावी माझी शिक्षक म्हणून नेमणूक झाली. उन्हाळा लागला की तिथली मुलं लंगडायची, मग शाळेत यायचीच बंद व्हायची. कारण नारू. पायाला फोड येई, फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा जंतू बाहेर पडे. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तोवर माणूस अंथरुणाला खिळलेला. काशीमाय विधवा, लेकरूबाळ नाही, दिराच्या घराला लागून एक खोली. तिच्या गुडघ्यात नारू निघाला तो नेमका पेरणीच्या तोंडावर, आणि त्या साली तिचं रान पडीक राहिलं.

पुढं जिल्ह्याहून एक तरुण डॉक्टर आले. देवळापुढं माणसं जमवून त्यांनी समजावलं, की नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून बारवेच्या पाण्यात पाय घालतो, नारूची पिल्लं त्या पाण्यात सुटतात, आणि तेच पाणी सारं गाव पितं. पायऱ्या बंद करा, वर रहाट बसवा. माणसं माना हलवून घरी गेली. काशीमाय मात्र माझ्याकडं आली. "रहाट कोन देतंय गुर्जी? सरकारच ना? मग लिव्हा अर्ज."

मी मराठीत अर्ज लिहिला. तहसीलमधून तो परत आला; उर्दूत हवा म्हणे. परभणीच्या एका मुन्शीकडून उर्दूत करून घेतला. तो टेबलाटेबलांवरून फिरत राहिला, साहेब बदलले, आणि बऱ्याच महिन्यांनी शेरा आला की आता कामकाज मराठीत चालतं, अर्ज मराठीत द्यावा! मी चिडून कागद भिरकावला. काशीमायनं तो उचलला, घडी घालून माझ्या हातात दिला. "अर्ज तुमी लिवीत ऱ्हावा. तवर मी बसते."

कुठं बसते, ते दुसऱ्या दिवशी कळलं. दोर आणि घागर घेऊन ती बारवेच्या वरच्या पायरीवर आडवी बसली होती. ज्याच्या पायाला फोड किंवा चिंधी दिसे त्याला खाली उतरू द्यायची नाही. त्याची घागर स्वतः भरून द्यायची. पाटलाचा भाऊ असाच चिंधी बांधून आला आणि खेकसला, "बारव काय तुझ्या बापाची हाय का?"

"बापाची असती तर कुलूप लावून घरी बसले असते," ती म्हणाली. "घागर आन हिकडं."

तो शिव्या देत उभा राहिला, पण उतरला नाही. बाईला ओलांडून जाणं त्यालाही जमलं नाही.

आज प्यायलेल्या पाण्याचा नारू वर्षभरानं निघतो. त्यामुळं पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडीही माणसं लंगडलीच, आणि लोक हसले, "काय उपेग झाला, माय?" ती पुन्हा बसली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मात्र माझ्या वर्गातली बहुतेक मुलं दोन्ही पाय टेकवून चालत होती... मग मात्र गाव हललं. गाड्या जुंपून माणसं तहसीलला गेली आणि साहेब बाहेर येईपर्यंत ओसरीत बसून राहिली. पुढाकार होता पाटलाच्या भावाचाच. रहाट आला, पायऱ्या दगडांनी बुजवल्या.

इथंच थांबलो तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाही. गावकुसाबाहेरच्या बायांना बारवेत उतरायची मुभा कधीच नव्हती. घागरी घेऊन त्या लांब उभ्या राहायच्या, कुणी ओतलं तर पाणी. काशीमाय त्यांना तिष्ठत ठेवत नसे. मात्र ओतायची ती वरूनच, घागरीला घागर न लावता. रहाट बसला त्या दिवशी त्यांच्यातली धोंडाबाई पुढं आली. "माय, आता दोर आमीच वढू का?" काशीमायनं भोवतालच्या तोंडांकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी वतते की." धोंडाबाई मागं सरकली. मीही तिथंच उभा होतो. इतके अर्ज लिहिणारा मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

माझी बदली झाली तेव्हा काशीमाय फाट्यापर्यंत पोचवायला आली होती. मोटार दिसू लागल्यावर एकदम म्हणाली, "सारं गाव अडवायला भ्याले न्हाई गुर्जी, अन् तिला हो म्हनायला भ्याले. लय चुकलं."

ती गेल्यावर मी तिच्या दिराकडं भेटायला गेलो. तिच्या खोलीच्या दारात सावलीला एक रांजण होता, वर झाकणी, झाकणीवर पितळी तांब्या. दीर म्हणाला, "वहिनीनं ठिवला. ज्याला तहान लागंल त्यानं आपल्या हातानं घ्यावं म्हनायची. भावकी हितं पानी प्यायची बंद झाली, तरी काढला न्हाई."

"आता कोण भरतं?"

"मीच भरायलोय," तो जरा ओशाळून म्हणाला.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात धोंडाबाई डोक्यावर सरपण घेऊन आली. तिनं मोळी भिंतीला टेकवली, झाकणी काढली, तांब्या बुडवला आणि उभ्यानंच घटाघटा प्यायली. तांब्या जागेवर उपडा ठेवला. मग मोळी उचलून, आमच्याकडं न बघता, वाटेला लागली.