फाटका फोटो आधी दाखवा

तिचं काम इतकं बेमालूम होतं, की तेच तिच्या मुळावर आलं.

जुने, फाटके, बुरशी चढलेले फोटो संगणकावर नीट करणारी ही बाई. लग्नाआधीपासून एकाच स्टुडिओत होती. म्हातारे मालक थकले, स्टुडिओ बंद झाला आणि ही जिन्याखालच्या खोलीत जुना संगणक मांडून बसली. इंटरनेटवर आपली माहिती टाक, लोक शोधत येतील, असं जो तो म्हणाला. तिने टाकली. महिने उलटले, काळं कुत्रंही फिरकलं नाही.

थोरल्या दिरांचं फरशांचं दुकान. माणूस वाईट नाही हो, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपण उगाच जन्मलो. ‘‘एक तारखेपासून काउंटरला बस,’’ ते म्हणाले. ‘‘घरचंच दुकान आहे. ते फोटोबिटो पुरे आता.’’ नवऱ्याने पेपर उघडला. नवरे अशा वेळी पेपरच वाचतात. ती ‘‘बघते भावोजी’’ म्हणाली आणि खोलीत जाऊन रडली. काउंटरवर बसण्यात कमीपणा नव्हता. पण एकदा तिथे बसलं की फोटोंवर बसलेला हा हात कायमचा जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई चष्मा पुसत खोलीत आल्या. ‘‘काय लिहिलंयस स्वतःबद्दल, वाच बघू.’’

‘‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ...’’

‘‘मनमिळाऊ? फोटोला काय करायचंय तुझ्या स्वभावाचं?’’

मग त्यांनी स्क्रीनवर मजकुराखाली लावलेले फोटो पाहिले. एक गुटगुटीत बाळ, एक मिशीवाले आजोबा, एक जोडपं. सगळे कसे स्वच्छ, लख्ख.

‘‘चांगलेत. पण तू काय केलंस यात?’’

‘‘या बाळाचा अर्धा चेहरा वाळवीने खाल्ला होता, आई. तो मी केला.’’

‘‘मग ते वाळवीने खाल्लेलं कुठंय?’’

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. स्टुडिओचा नियम होता, गिऱ्हाइकाचा फाटका फोटो चारचौघांत मांडायचा नाही. मालक म्हणायचे, कुणाच्या घरात काय फाटलं ते आपण पाहिलं, आता विसरायचं. काम झालं की ती मूळ फोटोची संगणकातली प्रत पुसून टाकायची. इतकी वर्षं इमानाने पुसली. आता दाखवायला हातात काय, तर दुसऱ्यांची बाळं!

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय. पण सगळंच झाकलंस तर लोकांना कळायचं कसं?’’ त्या उठून गेल्या आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आल्या. आत एका फोटोचे तुकडे होते. दोन वेण्यांच्या दोन मुली, मधोमध फाडलेल्या.

‘‘ही मी, ही धाकटी बहीण. रागाच्या भरात मीच फाडला. राग गेला, मग तीही गेली. जोडायला कुणाला द्यायची लाज वाटली.’’

‘‘मला तरी द्यायचात.’’

‘‘तुझी तर जास्तच वाटली. आता जोड. आणि फाटका, जोडलेला, दोन्ही लाव तिथे. मी सांगतेय ना.’’

पुढचे दिवस ती त्या दोन मुलींपाशीच होती. बहिणीचा खांदा पुरता गेला होता. सासूबाई शेजारी बसून सांगायच्या, ‘‘अगं, इतका रुंद नव्हता, काटकुळी होती ती.’’ खांदा जमला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. पदराने डोळे पुसून नुसतं ‘‘हीच’’ म्हणाल्या.

मग तिने कष्टाळू, मनमिळाऊ सगळं काढून टाकलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं: ‘हा फोटो माझ्या सासूबाईंनी स्वतः फाडला होता. त्यांच्या परवानगीने दाखवतेय. तुमचा कुणाला दाखवणार नाही. कसा फाटला, तेही विचारणार नाही.’

दोन-तीन दिवसांत एका अनोळखी बाईचा निरोप आला. सून तो सासूबाईंना वाचून दाखवू लागली. ‘माझ्या वडिलांचा फोटो आहे. मीच जाळायला घेतला होता, मग विझवला. आजवर कुणाला दाखवला नाही. तुम्हाला पाठवला तर चालेल?’ त्याखाली आणखी दोघांचे निरोप होते.

सासूबाई म्हणाल्या, ‘‘आधी तिला लिही, चालेल म्हणून.’’

तिने लिहिलं. मग भावोजींना फोन लावला आणि सांगितलं, ‘‘काउंटरला दुसरं कुणी बघा. मला काम आहे.’’