जुन्या कोर्टातली सर्वसाधारण सभा

कुलबाऱ्यात कुणाच्या गवताला आग लागली तर झाडून सारं गाव धावतं. कुणी गेलं तर अंत्यविधीला चर्चमध्ये उभं राहायला जागा उरत नाही. पण वार्षिक सर्वसाधारण सभेची पाटी लागली की याच गावाला अचानक मेंढ्या कातरायच्या असतात, दात दुखायला लागतात, शहरातली बहीण आठवते. कारण उघड आहे. सभेला जो जातो तो सेक्रेटरी होऊन परत येतो. बिचारा लेस टॅनर एकदा नुसता चहा प्यायला आत शिरला, आणि पुढं अकरा वर्षं टेनिस क्लबची पत्रं लिहीत बसला.

म्हणूनच थेल्मा क्रोगनला त्या आठवड्यात झोप नव्हती. वय चौऱ्याहत्तर, अंगकाठी शिडशिडीत, जीभ तिखट. गावातलं दीडशे वर्षांचं दगडी कोर्ट म्हणजे आमचं संग्रहालय, आणि संग्रहालय म्हणजे थेल्मा. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिथला स्विचबोर्ड उकिरड्यावर निघाला होता. नवऱ्याचा, कीथचा, ट्रक घेऊन तिनं तो उचलून आणला आणि रिकाम्या कोर्टात ठेवला. तिथून सुरुवात. मग पुराचे फोटो आले, दंतवैद्याचं पायानं चालवायचं यंत्र आलं, युद्धावर गेलेल्या पोरांची पत्रं आली. कीथ गेल्यावर तर ती घरी फक्त झोपायला जायची. मूलबाळ नव्हतं. असतं तरी त्याला हिनं क्रमांक देऊन काचेखाली ठेवलं असतं, असं गाव म्हणायचं.

संग्रहालयाच्या समितीतले दोघं देवाघरी गेले, एकजण समुद्राकाठी मुलीकडे राहायला गेली, एकाला आता काही आठवत नव्हतं. उरली थेल्मा. आणि नगरपालिकेचं पत्र आलं: शनिवारच्या सभेत पाच जणांची समिती उभी राहिली नाही, तर इमारतीला कुलूप लागेल, वस्तू दोनशे किलोमीटरवरच्या गोदामात जातील.

तिनं गावातल्या प्रत्येकाला फोन केला. "अगं, संग्रहालय बंद पडून कसं चालेल!" प्रत्येकजण म्हणाला. "मग शनिवारी येतोस ना?" म्हटलं की पलीकडे खोकला सुरू. पुराच्या फोटोतले चेहरे गोदामातल्या खोक्यात पालथे पडलेत, असं तिच्या डोळ्यांपुढं सारखं यायला लागलं. जेवण जाईना.

शनिवारी दोनला दहा कमी असताना कोर्टात ती, नगरपालिकेची बाई फिओना रॅडली, आणि वर छताला चिकटलेली एक माशी.

"वेळ झाली की सुरू करावं लागेल हं मला," फिओना हळूच म्हणाली.

"माहीत आहे," थेल्मा म्हणाली.

आणि मग माणसं यायला लागली. हातात केकची, सँडविचची ताटं घेऊन, लग्नघरात शिरावं तशी. तीस-पस्तीस झाली. पुढचे सगळे बाक सोडून पार मागं, भिंतीला चिकटून बसली. थेल्माचा जीव भांड्यात पडला.

पण भांड्यात पडून तिथंच बुडायची वेळ आली. रिवाजाप्रमाणं सगळी पदं रिकामी झाली आणि अध्यक्षाच्या खुर्चीत तेवढ्यापुरती फिओना बसली. अध्यक्षपदासाठी म्हाताऱ्या क्लॅरी डनफोर्डनं थेल्माचं नाव सुचवलं. बरं झालं. "सेक्रेटरी?" कुणी बुटांकडे बघतंय, कुणी छताकडे. "खजिनदार?" कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं, तेवढंच ऐकू आलं. फिओनानं तिसऱ्यांदा विचारलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

थेल्मा ताडकन उठली. "आलात कशाला मग? केक खायला? बंद पडू द्यायचंय का तुम्हाला हे?"

मागून बेव्ह टॅनर उभी राहिली. लेसची बायको, बोलायला फटकळ. "नाही बंद पडू द्यायचं. म्हणून तर आलोय. पण तुझ्या हाताखाली काम नको, थेल्मा."

माना वळल्या, तरी बेव्ह थांबली नाही.

"तीन वर्षं मी इथली पितळ पुसली. माझी पाठ वळली की तू फडकं घेऊन यायचीस आणि तीच पितळ परत पुसायचीस. मला दिसत नव्हतं होय?"

"माझ्या आजीच्या फोटोखाली मी चिठ्ठी लिहिली होती," क्लॅरी पुटपुटला. "तू फाडून दुसरी लावलीस. माझ्या आजीच्या."

"त्यात साल चुकलं होतं," थेल्मा म्हणाली.

"असेल. पण आजी माझी होती ना, बाई."

कुणीतरी हसलं. मग बरेचजण हसले, आणि त्या हसण्यात राग नव्हता म्हणूनच ते तिला जास्त लागलं. एक्स्चेंजमध्ये एक वायर चुकली तर भलताच माणूस भलतं ऐकायचा. चूक होऊ द्यायची नाही हे तिच्या हाडात मुरलं होतं. त्याच हाडानं तिनं एकेकाला या दारातून बाहेर काढलं होतं, आणि तिला वाटत होतं की गावाला काही पडलेली नाही. तिला लाज वाटली. रागही आला. दोन्हींतलं आधी काय गिळावं कळेना.

"क्रोगनबाई," फिओना म्हणाली, "मला निर्णय लिहावा लागेल."

थेल्मानं खुर्चीची पाठ धरली. "माझं नाव मागं घेते," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "कुठल्याच पदावर नको मला."

मग बेव्हनं हात वर केला. "लिहा मला सेक्रेटरी. लेसला सवय आहे, शिकवील." क्लॅरी अध्यक्ष झाला. पाच जागांना आठ हात वर आले. फिओनानं सही केली, कोर्ट वाचलं, आणि लोकांनी ताटांवरची झाकणं काढली.

थेल्मानं चहा घेतला नाही. "डोकं दुखतंय," म्हणाली. बेव्हनं दारापर्यंत येऊन तिचा दंड दाबला. इतक्या वर्षांत आत माणसं असताना ती पहिल्यांदाच बाहेर पडत होती.

दुसऱ्या पायरीवर असताना आतून जड लाकूड फरशीवरून ओढल्याचा कर्कश आवाज आला. जुन्या कोर्टातला आरोपीचा पिंजरा! हलवायला लागले मेले, पहिल्याच दिवशी! ती गर्रकन वळली, ओरडायला तोंड उघडलं.

"अरे सांभाळून!" आतूनच बेव्ह ओरडली. "उचला, ओढू नका! ओरखडा पडला तर याद राखा! आमच्या बापजाद्यांचं आहे ते!"

थेल्माचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती पायरीवर बसली, आणि कीथ गेल्यानंतर पहिल्यांदा भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याची पर्वा न करता, पोटभर रडली.